शर्यत आणि औषध

सन १९०४ च्या ऑगस्ट महिन्याची ३० तारीख. अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं त्या वर्षींचे ऑलिम्पिक सामने भरले होते आणि त्या दिवशीं मॅरेथॉनची शर्यत होती. ऊन रणरणत होतें. फॅरनहाइटचा पारा ९० च्या घरांत होता. रस्ता मातीचा, चढउतारांचा. आणि धांवणाऱ्यांच्या पुढेंमागें पंचांच्या व मदतनिसांच्या मोटारी धुरळा उडवीत चाललेल्या. ३२ जणांनीं धांवावयास आरंभ केला. त्यांपैकीं १४ जणच शेवटपर्यंत पोंचले.

जो सर्वांच्या आधीं क्रीडांगणांत शिरला त्याचें प्रेक्षकांनीं टाळ्यांच्या कडकडाटानें स्वागत केलें. परंतु लवकरच असें उघडकीस आलें कीं, फ्रेड लॉर्झ नांवाच्या या गृहस्थानें वाटेंतील सुमारें ११ मैल चक्क मोटारींत बसून काढले होते! तेव्हां त्याला बाजूस सारण्यांत आलें आणि मागाहून आलेला टॉमस हिक्स हा विजयी ठरला. लॉर्झची लबाडी ही त्या शर्यतीची गंमत म्हणून आजवर सांगितली जाते. परंतु त्या दिवसाची खरी महत्त्वाची गोष्ट हिक्सची आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय तेथूनच सुरू होतो.

शेवटचे सात मैल उरले असतां हिक्सला पाऊल उचलवेना. त्यानें पाणी मागितलें. तें त्याला देण्यांत आलें नाहीं. त्याच्या मदतनिसांनीं ओल्या स्पंजानें त्याचें तोंड तेवढें पुसलें, आणि एका ग्रेनचा साठावा भाग स्ट्रिक्नीन अंड्यांतील पांढऱ्या भागांत मिसळून त्याला पाजलें. थोडें अंतर गेल्यावर त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तेव्हां पुन्हां तेवढीच मात्रा, आणखी अंडीं आणि वर ब्रँडीचा घोट! स्ट्रिक्नीन म्हणजे काय, हें आपल्याकडील मंडळींस फार सांगावयास नको. कोंकणांत ज्याला काजरा म्हणतात आणि वैद्य ज्याच्या बियांना कुचला म्हणतात, त्याच झाडाच्या बियांतून हें विष निघतें. आपल्या पृष्ठरज्जूंत स्नायूंना आवर घालणारी एक योजना निसर्गानें केलेली आहे. स्ट्रिक्नीन तो आवर काढून टाकतें. मात्रा अल्प असेल तर मनुष्याला हुशारी आल्याचा भास होतो. थोडी अधिक झाली कीं आंचके येतात, श्वास बंद पडतो आणि मनुष्य दगावतो.

शेवटच्या मैलांत हिक्सला भ्रम होऊं लागला. शर्यतीचा शेवट अजून २० मैल दूर आहे, असें त्याला वाटूं लागलें. डोळे निस्तेज झाले, गुडघे ताठरले. मदतनिसांनीं दोहों बाजूंनीं सांवरून धरून त्याला शेवटची रेघ ओलांडावयास लाविली. डॉक्टरांनीं त्याला तत्काळ हातीं घेतलें आणि तो त्यांतून वांचला.

लॉर्झ लबाड ठरला, कारण त्याची मोटार लोकांना दिसली. हिक्सची मोटार त्याच्या रक्तांत होती. ती बहुतेकांना दिसली नाहीं. आणि ज्यांना ठाऊक होती त्यांना तींत कांहीं गैर वाटलें नाहीं. हिक्सची व्यवस्था पाहणारे चार्ल्स ल्युकास यांनीं पुढील वर्षीं या सामन्यांचा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं वरील सर्व हकीकत मोकळ्या मनानें सांगितली आहे, आणि रस्त्यावरच्या लांब शर्यतींत औषधांचा खेळाडूला फार उपयोग होतो हें वैद्यकीय दृष्ट्या सिद्ध झालें, असा निष्कर्षही काढला आहे! कोणताही नियम मोडला गेला नव्हता, कारण तसा नियमच नव्हता. तें सुवर्णपदक आजही हिक्सच्याच नांवें आहे.

ही गोष्ट मीं एवढ्या विस्तारानें सांगितली, याचें कारण असें कीं, पुढें १०० हून अधिक वर्षें जें जें घडत आलें त्याचें बीज तींत आहे. त्या धुळीच्या रस्त्यावर तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: थकलेलें शरीर, त्याला भुलविणारें औषध, आणि तें औषध पुढें करणारा हात. पहिल्या दोहोंविषयीं पुष्कळ बोललें जातें. तिसरीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आज मला विशेषेंकरून त्या हाताविषयीं बोलावयाचें आहे.

अशा औषधाला इंग्रजींत ‘डोप’ व त्याच्या वापराला ‘डोपिंग’ म्हणतात. घट्ट रस किंवा कालवण अशा अर्थाच्या एका डच शब्दापासून तो आला, असें मानतात. हा शब्द प्रथम रूढ झाला तो माणसांच्या शर्यतींत नव्हे, तर घोड्यांच्या! घोड्याला तेज किंवा मंद करण्यासाठीं त्याला गुपचूप कांहीं चारण्याची युक्ति जुनी होती. आणि तिला आळा घालण्यासाठीं १९१० च्या सुमारास ऑस्ट्रियांत घोड्यांच्या लाळेची रासायनिक तपासणीही होऊं लागली होती. माणसांची तपासणी सुरू होण्यास त्यानंतर ५० हून अधिक वर्षें लागलीं. याचें कारण शोधावयास फार दूर जावयास नको. घोड्यावर लोकांचे पैसे लागलेले असत. घोडा फसला तर पैसे लावणारा फसे, म्हणून घोड्याची काळजी घेणारे पुष्कळ होते. हिक्ससारख्या धांवणाऱ्याच्या पोटांत काय गेलें याची चौकशी करणारा कोणीच नव्हता.

धांवण्याच्या व मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९२८ सालीं उत्तेजक औषधांना बंदी केली खरी. पण औषध घेतलें कीं नाहीं हें ओळखण्याचें साधनच हातीं नसल्यामुळें ती बंदी कागदावरच राहिली. आणि नेमक्या याच सुमारास रसायनशास्त्र झपाट्यानें पुढें जात होतें. ॲम्फेटामिन हें द्रव्य १८८७ सालींच बर्लिनमध्यें तयार झालें होतें. परंतु त्याचा उत्तेजक गुण ध्यानांत येऊन तें बाजारांत आलें तें १९३० नंतर. दुसऱ्या महायुद्धांत दोन्ही बाजूंच्या सैन्यांनीं हीं वा याच जातीचीं औषधें वापरलीं. वैमानिकाला झोंप येऊं नये, शिपायानें रात्रभर चालावें, म्हणून गोळ्या वांटल्या गेल्या. युद्ध संपलें, शिपाई घरीं परतले, गोळ्याही त्यांच्याबरोबर समाजांत आल्या. सायकलीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत तर त्यांना जणूं राजमार्गच मिळाला.

येथें थकव्याविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. आपण थकव्याला शत्रू समजतों. वस्तुतः तो शरीराचा रखवालदार आहे. उन्हांत श्रम करतांना अंगांतील उष्णता वाढूं लागली कीं मेंदू स्नायूंना सुचवितो, ‘आतां बेतानें घ्या.’ पाय जड होतात, इच्छा मंदावते, मनुष्य सावली शोधतो. ॲम्फेटामिन नवी शक्ति उत्पन्न करीत नाहीं. तें या रखवालदाराचें तोंड बंद करतें. त्यांतच तें अंगांतील उष्णता वाढवितें आणि कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आंवळून ती बाहेर पडूं देत नाहीं. घराला आग लागावी आणि त्याच वेळीं ओरडणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडांत बोळा कोंबावा, तसा हा प्रकार आहे.

१९६० सालीं रोमच्या ऑलिम्पिकमध्यें क्नुड एनेमार्क येन्सन हा २३ वर्षांचा डॅनिश सायकलपटू कडक उन्हांत शर्यत चालू असतांना कोसळला आणि त्याच दिवशीं मरण पावला. अधिकृत निदान उष्माघाताचें झालें. औषधाचा भाग त्यांत किती होता, याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. परंतु सात वर्षांनंतर जें घडलें त्याविषयीं वादाला जागा उरली नाहीं. १३ जुलै १९६७ रोजीं फ्रान्समधील सुप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ शर्यत माँ व्हाँतू नांवाच्या सुमारें १९०० मीटर उंचीच्या बोडक्या डोंगरावरून जात होती. टॉम सिम्प्सन हा इंग्रज सायकलपटू, १९६५ सालचा जगज्जेता, वय वर्षें २९, शिखर नजरेच्या टप्प्यांत आलें असतां झोंकांड्या खाऊं लागला व पडला. लोकांनीं उचलून त्याला पुन्हां सायकलीवर बसविलें. थोड्याच अंतरावर तो पुन्हां पडला, तो कायमचाच. शवपरीक्षेंत त्याच्या शरीरांत ॲम्फेटामिन व मद्य सांपडलें, आणि त्याच्या अंगरख्याच्या खिशांत गोळ्यांच्या नळ्या सांपडल्या.

आतां, सिम्प्सनच्या खिशांत त्या नळ्या कोणी बळजबरीनें घातल्या नव्हत्या, असें कोणी म्हणेल. आणि तें खरेंही आहे. पण आदल्या वर्षींची एक हकीकत ऐका. १९६५ सालीं फ्रान्सनें खेळांतील उत्तेजकांविरुद्ध कायदा केला होता, आणि त्यास अनुसरून १९६६ च्या शर्यतींत प्रथमच कांहीं सायकलपटूंची तपासणी झाली. दुसऱ्या दिवशीं काय घडलें? साऱ्या स्पर्धकांनीं सायकलींवरून उतरून, त्या हातांत धरून, कांहीं अंतर पायीं चालत निषेध केला! हे लोक वाईट होते म्हणून नव्हे. तीन आठवडे रोज शंभर-दोनशें किलोमीटर सायकल हांकावयाची, आणि मागें पडला तर पुढील वर्षीं करार नाहीं, अशी ज्याची भाकरी, त्याला तपासणी म्हणजे पोटावर पाय वाटे. ज्या धंद्याची रचनाच अशी असते कीं औषधावांचून टिकाव लागूं नये, तेथें देणारा हात दिसत नसला तरी तो असतोच.

सिम्प्सनच्या मृत्यूनंतर मात्र स्वस्थ बसणें कोणालाच शक्य नव्हतें. १९६८ सालीं ऑलिम्पिकमध्यें तपासणी सुरू झाली. आणि दैवाचा विनोद असा कीं, त्या वर्षीं मेक्सिकोमध्यें पहिला दोषी ठरला तो स्वीडनचा हान्स-गुन्नार लिल्येनवाल, आणि त्याचा अपराध बिअरचा! पिस्तुलाची नेमबाजी करतांना हात कांपूं नये म्हणून त्यानें दोन बिअर घेतल्या होत्या. त्यापायीं त्याच्या संघाचें कांस्यपदक गेलें. साप सोडून भुई धोपटण्याचा हा प्रकार होता. कारण खरा साप तोंवर दुसऱ्याच बिळांत शिरला होता.

तें बीळ समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८८९ सालीं ब्राऊन-सेकार नांवाच्या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें कुत्र्यांच्या व गिनिपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोंचून घेतला आणि आपणांस तारुण्य परत आलें असें विद्वानांच्या सभेंत जाहीर केलें. तो त्याच्या मनाचा खेळ होता. पण शोधाची दिशा चुकीची नव्हती. १९३५ सालीं टेस्टोस्टेरोन हें पुरुषत्वाचें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें करण्यांत आलें आणि त्याच वर्षीं तें प्रयोगशाळेंत बनविण्यांतही आलें. त्याच्या कर्त्यांना, बुटेनांट व रुझिच्का यांना, १९३९ चें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. आजारानें खंगलेल्या माणसाच्या अंगीं मांस भरावें, हा अशा द्रव्यांचा एक सदुपयोग. पण १९५० नंतर वजन उचलणाऱ्यांच्या आखाड्यांत तीं शिरलीं, आणि १९५८ सालीं अमेरिकेंत त्यांतील एकाची गोळीच मिळूं लागली. ॲम्फेटामिनचा परिणाम शर्यतीपुरता. हीं द्रव्यें महिनोन् महिने सरावाच्या काळांत घ्यावयाचीं आणि सामन्यापूर्वीं सोडून द्यावयाचीं. म्हणजे सामन्याच्या दिवशीं तपासणी करणारा रिकाम्या घरावर पहारा करणार! त्यांना ओळखण्याची रीत प्रथम १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्यें वापरण्यांत आली.

आणि आतां मी त्या हकीकतीकडे येतों, जी सांगावयाची म्हणूनच मीं हा विषय निवडला.

पूर्व जर्मनी हा जेमतेम पावणेदोन कोटी वस्तीचा देश होता. १९७२ च्या म्यूनिक ऑलिम्पिकमध्यें पोहण्याच्या शर्यतींत त्याच्या मुलींना एकही सुवर्णपदक मिळालें नव्हतें. चारच वर्षांनीं माँट्रिअलमध्यें मुलींच्या १३ शर्यतींपैकीं ११ त्यांनीं जिंकल्या. आणि एकंदर ४० सुवर्णपदकें मिळवून त्या देशानें अमेरिकेलाही मागें टाकलें. या मुलींचे खांदे रुंद होते, आवाज घोगरे होते. शर्ली बाबाशॉफ या अमेरिकन जलतरणपटूनें त्याविषयीं उघड शंका बोलून दाखविली, तेव्हां हरल्यामुळें ती जळफळते आहे, असें म्हणून तिच्याच देशांतील वृत्तपत्रांनीं तिची कुचेष्टा केली.

खरा प्रकार बर्लिनची भिंत पडल्यानंतर बाहेर आला. ब्रिगिटे बेरेंडोंक ही पूर्वीची थाळीफेक करणारी आणि तिचे पति, शास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके, या दांपत्यानें लष्करी वैद्यकीय संस्थेंतील कागदपत्र शोधून काढले, आणि १९९१ सालीं ते पुस्तकरूपानें जगापुढें मांडले. त्यांतून दिसून आलें कीं, १९७४ सालीं सरकारनें ‘राज्ययोजना १४.२५’ या नांवाखालीं खेळाडूंना पुरुषत्वाचीं द्रव्यें देण्याचा कार्यक्रम आंखला होता. डॉक्टर होते, शास्त्रज्ञ होते, मात्रांचीं कोष्टकें होतीं, गुप्त पोलिसांची देखरेख होती. सुमारें दहा हजार खेळाडूंना हीं औषधें दिलीं गेलीं, असा अंदाज आहे. त्यांत कोंवळ्या वयाच्या, क्रीडाशाळांत राहणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. लहानशी निळी गोळी शिक्षकाच्या हातून मिळे, आणि विचारलें तर सांगण्यांत येई कीं, हीं जीवनसत्त्वें आहेत. देशाबाहेर जाण्यापूर्वीं खेळाडूंची तपासणी क्रायशा येथील सरकारी प्रयोगशाळेंत होई; हेतु औषध पकडण्याचा नव्हे, तर परदेशीं तें सांपडूं नये याची खातरी करून घेण्याचा. कुंपणच शेत खातें म्हणतात तें याहून निराळें काय असतें?

श्रोते हो, क्षणभर त्या मुलींच्या आईबापांचा विचार करा. आपली मुलगी सरकारी शाळेंत निवडली गेली, तिला उत्तम अन्न, उत्तम शिक्षक मिळाले, ती देशाचें नांव काढणार, या आनंदांत ते होते. हायडी क्रीगर ही त्यांतीलच एक मुलगी. १९८६ सालीं गोळाफेकींत ती युरोपची विजेती झाली. किशोरवयापासून तिच्या शरीरांत इतकें पुरुषद्रव्य घातलें गेलें होतें कीं, आपण कोण, हाच प्रश्न तिच्यापुढें उभा राहिला. १९९७ सालीं तिनें पुरुष म्हणून जगण्याचा निर्णय घेतला. आज आंद्रेआस क्रीगर या नांवानें ते ओळखले जातात. त्या निर्णयाचा त्यांना पश्चात्ताप नाहीं. त्यांची तक्रार एवढीच कीं, आपण कोण व्हावें हें आपलें आपण ठरविण्याची संधि त्या गोळ्यांनीं हिरावून घेतली. इतर कित्येकींच्या वांट्याला यकृताचे विकार, मातृत्वांतील अडचणी आणि कायमचा बदललेला आवाज आला. सन २००० मध्यें बर्लिनच्या न्यायालयापुढें क्रीडाखात्याचे प्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय प्रमुख मानफ्रेड ह्योप्नर उभे राहिले. दोघेही दोषी ठरले. एकाला २२ महिन्यांची व दुसऱ्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. ती स्थगित असल्यामुळें दोघांपैकीं कोणालाही तुरुंगांत जावें लागलें नाहीं.

हा न्याय पुरा झाला कीं अपुरा, हें मी आपणांवर सोंपवितों. मात्र देणारा हात न्यायालयांत उभा राहिला, असा हा इतिहासांतील विरळा प्रसंग आहे. एरवीं काय होतें? २४ सप्टेंबर १९८८ रोजीं सोल येथें कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धांवला. तीन दिवसांत त्याचें पदक काढून घेण्यांत आलें आणि सारें जग त्याच्यावर थुंकलें. पुढें कॅनडा सरकारनें न्यायमूर्ति ड्यूबिन यांच्याकडून चौकशी करविली, तेव्हां औषध त्याच्यापर्यंत पोंचविणारे शिक्षक व डॉक्टर, आणि डोळ्यांवर कातडें ओढून बसलेली सारी व्यवस्था उजेडांत आली. पण लोकांना आज नांव आठवतें तें एका जॉन्सनचें.

या प्रकरणांनंतर १९९९ सालीं जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली. तिनें नियम कडक केले. खेळाडूच्या घरीं केव्हांही जाऊन तपासणी करण्याची पद्धत दृढ केली. नमुने दहा वर्षें जपून ठेवून नव्या रीतीनें पुन्हां तपासण्याची सोय झाली. तरीही चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! लान्स आर्मस्ट्राँगनें १९९९ ते २००५ पर्यंत सात वेळां टूर द फ्रान्स जिंकली. मूत्रपिंडाच्या रोग्यांचें रक्त वाढावें म्हणून शोधलेलें औषध तो व त्याचे साथीदार वापरीत होते. तपासण्या होत राहिल्या आणि तो सुटत राहिला. २०१२ सालीं त्याचीं सातही विजेतेपदें रद्द झालीं, तीं मुख्यतः साथीदारांच्या साक्षींमुळें. रशियांतील सोची येथें २०१४ सालीं हिंवाळी ऑलिम्पिक झालें, तेव्हां तर प्रयोगशाळेच्या भिंतीला भोंक पाडून रात्रीं खेळाडूंच्या मूत्राच्या बाटल्या बदलल्या जात होत्या, हें दोन वर्षांनीं मॅक्लारेन यांच्या अहवालानें उघड केलें. रसायनशास्त्र बाटलीतील द्रव्य ओळखूं शकतें. बाटली बदलणारा हात ओळखावयाचा तर माणसाचीच साक्ष लागते.

यावर कांहीं विचारवंत असें सुचवितात कीं, एवढा खटाटोप कशाला? सर्वांनाच मोकळीक द्या, म्हणजे सारे समान होतील. ही सूचना वरवर सोपी दिसते. परंतु समानता यावी ती कशांत? ज्याचें शरीर अधिक विष पचवील, ज्याच्या देशाजवळ अधिक हुशार डॉक्टर असतील, तो जिंकेल. म्हणजे शर्यत खेळाडूंची न राहतां औषधांची होईल. आणि दुसरें असें कीं, मोकळीक दिली कीं ती मोकळीक राहत नाहीं. शेजारचा घेतो म्हटल्यावर ज्याला घ्यावयाचें नाहीं त्यालाही घ्यावें लागतें, नाहीं तर खेळ सोडावा लागतो. प्रौढ मनुष्य एक वेळ आपल्या जिवाशीं खेळेल. पण १३ वर्षांच्या मुलीच्या तळहातावर निळी गोळी ठेवली जाते, तेव्हां कोणाची मोकळीक आणि कोणाची संमति? बंदी आहे ती प्रामुख्यानें जो नाहीं म्हणूं इच्छितो त्याच्या रक्षणासाठीं आहे.

हें सारें दूरदेशचें आहे, आपल्या घराशीं त्याचा संबंध काय, असें आपणांस वाटेल. म्हणून दोनच गोष्टी सांगतों. जागतिक संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या २०२३ सालच्या आंकडेवारीप्रमाणें भारतांत ५,६०६ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकीं २१३ सदोष निघाले. म्हणजे शेंकडा ३.८. पांच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत हें प्रमाण सर्वांत मोठें होतें. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत दिल्ली राज्याच्या मैदानी स्पर्धांत तपासणी अधिकारी आल्याची वार्ता पसरतांच पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतींत एकच धांवपटू उभा राहिला. बाकीच्यांनीं स्नायू दुखावल्याचें वगैरे कारण सांगून माघार घेतली. तेथें कोणी जागतिक कीर्ति मिळणार नव्हती. अशा स्पर्धांतील यशावर आपल्याकडे नोकरी मिळते, महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. म्हणजे त्या सायकलपटूंप्रमाणेंच येथेंही भाकरीचा प्रश्न आहे. २०२२ सालीं आपल्या संसदेनें याविषयीं कायदा केला आहे, तो योग्यच आहे. पण कायद्याचा अधिकारी पोंचतो तो औषध पोटांत गेल्यानंतर.

त्याआधीं पोंचूं शकतें तें घर. मुलगा व्यायामशाळेंतून भुकटीचा डबा घेऊन येतो. मुलीला तिचा शिक्षक ‘शक्तीची’ गोळी देतो. दोनच महिन्यांत अंग भरतें, वेळ सुधारते, आणि आपण शेजाऱ्यांना कौतुकानें सांगतों. त्या वेळीं कौतुकाआधीं एक प्रश्न विचारावा: हें काय आहे, तें कोणीं दिलें, आणि आपल्या डॉक्टरांना दाखविलें काय? देणाऱ्याला हा प्रश्न आवडला नाहीं, तर उत्तर मिळालेंच म्हणून समजावें. आणि मूल हरून घरीं आलें असतां आपल्या तोंडावर जें उमटतें, त्याचीही जरा तपासणी करावी. कारण पुष्कळदां त्या गोळीची पहिली मात्रा तेथूनच मिळते.

सेंट लुईच्या त्या धुळीच्या रस्त्यावर टॉमस हिक्सनें पाणी मागितलें होतें. त्याचे मदतनीस कांहीं दुष्ट नव्हते. त्यांना तो जिंकावयास हवा होता, इतकेंच. म्हणून त्यांनीं त्याला पाणी दिलें नाहीं, विष दिलें. आपलीं मुलें थकून येतील तेव्हां त्यांना पाणी द्यावें आणि विसांवा घेऊं द्यावा, एवढेंच आपणां सर्वांजवळ माझें मागणें आहे.